पुढची जागा

वाशीच्या लॅबमध्ये दिवसभर
मी न हलणाऱ्या गोष्टी बघते.
काचपट्टीवर पसरलेलं रक्त,
जांभळ्या रंगात बुडवून वाळवलेलं.
बारीक चाक केसभर फिरवलं
की पेशी स्वच्छ दिसतात
आणि तशाच राहतात,
मी डबा खाऊन परत आले तरी.

म्हणून वाटलं होतं, फोकस मला येतो.

करावे गावामागच्या खाजणात
डिसेंबरातल्या पहिल्या संध्याकाळी
एकशे बेचाळीस फोटो काढले.
त्यात गवत होतं. धुरकट आभाळ होतं.
पलीकडच्या टॉवरचा बाविसावा मजला,
वाळत घातलेल्या चादरीसकट.
एका फोटोच्या कोपऱ्यात तपकिरी काहीतरी:
पंखाचं टोक असेल,
नाहीतर माझ्याच हातमोज्याचं.

हिरामण भोईर बांधावर उकिडवे बसलेले.
त्यांच्या वडिलांनी इथेच मीठ ओढलं,
मिठागर होतं तोवर.
मी म्हटलं, आखूडकानी घुबड.
ते म्हणाले, "पाव्हना.
दिवालीनंतर येतो, शिमग्याआदी जातो.
भाडं देत नाय."

मग माझा कॅमेरा बघून,
"तू त्याला बगतंस, म्हनून चुकतंस.
त्याच्या म्होरची जागा बग."

आणि पायातली चप्पल काढून
त्यांनी ती आभाळात भिरकावली.
"काड हिचा फोटो."

चार रविवार मी चप्पल शिकले.
सूर्याकडे पाठ, कोपर बरगडीला टेकलेलं,
कमरेतून वळायचं, मनगटातून नाही,
सेकंदाचा दोन हजारावा भाग,
आणि बटण दाबल्यावरही वळतच राहायचं
(हे सगळ्यात अवघड, हात लगेच थांबतो,
काम झालं म्हणून).
एकोणिसाव्या फेकीला टाचेचा झिजलेला रबर
इतका स्पष्ट आला
की हिरामणकाकांनी नवी जोडी घेतली.

तो येतो तेव्हा कळत नाही.
गवताच्या वीतभर वरून
कुणी हरवलेली किल्ली शोधावी तसा
इकडून तिकडे, परत इकडे.
पंखांचा आवाज शून्य.
सगळा फडफडाट माझ्या कॅमेऱ्याचा.

एकदा अगदी समोरून गेला.
घरी येऊन बघितलं:
मागच्या पाटीवरचं
‘सरकारी मालमत्ता, प्रवेश बंद’
काना-मात्रेसह सुस्पष्ट,
आणि तिच्यावरून जाणारा एक भुरा डाग.
कॅमेरा साक्षर आहे.
आधी अक्षरं वाचतो.

खालच्या मजल्यावरच्या विजूमावशी म्हणाल्या,
घुबडाचा फोटो घरात लावू नकोस हो.
म्हटलं, लावण्यासारखा येऊ तर दे.

आला. जानेवारीच्या शेवटी,
उजेड साईसारखा पातळ झाल्यावर.
पिवळे डोळे, काजळ घातल्यागत काळी कड,
पायाची मूठ पोटाशी घेतलेली,
एक गवताची काडी नेमकी चोचीवरून आडवी.
अंधार पडत आलेला, म्हणून
सगळ्या फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे.
मी बांधावरून जवळजवळ धावतच गेले दाखवायला.

हिरामणकाकांनी पडदा लांब धरला,
जवळ धरला,
अंगठ्याने चौकटीची डावी कड पुसली,
जिथे घुबडाचा पंख संपत होता आणि फोटोसुद्धा.
"बेस हाय," म्हणाले.
"पन म्होरं जागाच नाय ठेवलीस.
आता ह्यो जाईल कुटं?"

फेब्रुवारीत तो गेला.
कुठून गेला ते मी बघितलं नाही,
त्या आठवड्यात डेंग्यूचे नमुने होते, सुट्टी नव्हती.

फोटो लॅबच्या कपाटाच्या दाराला आहे, आतून.
काचपट्टी सरकवताना हल्ली
माझा हात पेशीच्या थोडा पुढे जातो,
तिथल्या रिकाम्या काचेवर
क्षणभर थांबतो.