बाकी दोन

पाचपावलीच्या आमच्या शाळेत
पी.टी.चा तास मीच मागून घ्यायचे,
गणितासाठी. नंदनवार सर द्यायचेही,
शिट्टी खिशात सारून, काही न बोलता.

त्या दिवशी लाईट गेली, पंखा थांबला.
अडतीस पोट्टे फळ्याकडे बघत पेंगत होते.
सुगत गजभिये आठवडाभर अडलेला एकाच जागी:
भागाकारात बाकी कुठून येते?
म्हटलं, जा बाप्पा, खेळा.

सरांनी खो-खोचे संघ पाडले, नऊ-नऊचे चार.
उरले दोघं. सुगत, आणि भाविका निखारे.
"तुम्ही कुंपणापासून खांबापर्यंत पळा,
कोणी दमलं की आत या."
दोघं पळत राहिले,
गुडघ्यापर्यंत धूळ,
उन्हात सावली पायाखाली गोळा झालेली.

घंटेनंतर सुगत न बोलावता फळ्यापाशी.
श्वास अजून मैदानातच,
खडू घामानं ओला.
अडतीस भागिले नऊ.
वर चार लिहिले,
खाली दोन,
आणि वळून हसला,
"म्याडम, हे तं आमीच आहो!"

मधल्या सुट्टीत सरांना म्हटलं,
तुमचा तास तुम्हीच ठेवा.
सरांनी शिट्टी काढली,
शर्टाला पुसली,
आणि स्टाफरूममध्येच
एकदा वाजवून बघितली.