कुलुप्या मारुती (अधिकृत)

संध्याकाळी सहा ते आठ
मी मारुतीची खाती बघते.
आधी फक्त वहीतली बघायचे.

नाना पेठेत, भांडेआळीच्या मागे, एवढंसं देऊळ.
वैऱ्याचं तोंड बंद व्हावं म्हणून
लोक जाळीला कुलूप लावतात
आणि किल्ली नदीत टाकतात.
(ट्रस्टची विनंती : पुलावरून टाकू नये, खाली माणसं असतात.)

आमच्या पानाला तीन हजार दोनशे सात माणसं.
दुसऱ्याला एकोणीस हजार.
त्याचा शेंदूर आमच्यापेक्षा लाल,
आरती वेळेवर,
आणि तो रोज पहाटे सगळ्यांना सुप्रभात म्हणतो.
आमचा कधी कुणाला काही म्हणालेला नाही.

नावात फरक एका उकाराचा.
आमचा कुलुप्या, तो कुलप्या.
व्याकरण त्याच्या बाजूने आहे,
हे चिटणीस कोंढरे सरांनी
चष्मा पुसत, फार वेळ पुसत, कबूल केलं.
निळी खूणही त्याच्याचकडे.

आम्हीही अर्ज केला.
तुम्ही तुम्हीच आहात याचा पुरावा जोडा.
विजेचं बिल जोडलं, ते गणपत बाळाजी तांबटांच्या नावे,
जे पानशेतच्या पुराआधीच गेले.
नोंदणीचा दाखला जोडला, त्यातला मारुतीचा मा
वाळवीने नेलेला.
शेवटी देवाचा फोटो.
उत्तर आलं : चेहरा स्पष्ट दिसत नाही.

खरंच आहे.
शेंदराखालचा चेहरा एकदाच उघडा पडला,
बहात्तर साली, एका शनिवारी पहाटे,
कवच आपोआप सुटून खाली आलं तेव्हा.
आत तिघे गुरव होते. त्यांनी दार लावून घेतलं,
उजाडायच्या आत तेलात नवा शेंदूर कालवला.
काय दिसलं, कोण दिसलं,
तिघांनी बायकांनासुद्धा सांगितलं नाही.
शेवटचा ससूनमध्ये गेला तेव्हा सर उशाशी होते.
त्यांनी विचारलं.
तो म्हणाला, कुलूप आहे तेच बरं.

सर मग पाटी रंगवायला बसले :
'आमचा क्यूआर फक्त डाव्या खांबावर आहे.
इतरत्र आढळल्यास तो मारुती आमचा नाही.'
शुद्धलेखन दोनदा तपासलं.
पाटी ओली होती
आणि इंदुबाई झेंडे आल्या, सासवडहून,
दोन बस बदलून, नातवाचा फोन पिशवीत घालून.

अकराशे एक रुपये. अभिषेक.
नातवाच्या हृदयाची झडप.
प्रसाद पोस्टाने येणार होता,
म्हटलं पोस्टाला कशाला तोशीस, आपणच न्यावा.

मी त्यांना उकार दाखवला.
एकदा आमचा, एकदा त्याचा, बोट ठेवून.
बाई, म्हणाल्या,
मला लु येत नाही नि ल पण येत नाही.
चित्रात मारुती होता.

ऑपरेशन?
झालं की. जिना चढतोय.

तक्रारीच्या अर्जात एक चौकट असते,
नुकसान झाले का, हो, नाही.
मी पेन घेऊन बसून राहिले, जणू कागदच होता तो.
सरांनी साखरफुटाण्यांची पुडी बांधली.
पावती मागू नका एवढंच म्हणाले,
आणि ती न मागताच त्यांनी फाडली, शून्य रुपयांची.

इंदुबाई जाळीपाशी गेल्या.
कुलपांच्या गर्दीतून आत बघत म्हणाल्या,
हाच ना?

मी रोज सहा ते आठ इथे असते.
म्हटलं, हो.
आवाज जरा खाली गेला असेल.

त्यांनी जाळीतून हात घालून बोटाला शेंदूर घेतला,
स्वतःला लावला,
मग फोन काढून
काचेवरच्या त्या दुसऱ्याच्या कपाळाला.
बोट जाड होतं. निळी खूणही त्यात गेली.

पुराव्यासाठी मला त्या पडद्याचा फोटो हवा होता.
पुसू का, विचारलं.
नको, म्हणाल्या,
पोरगं बघू दे आधी.