मागचं चाक किती बसतं

वैजू म्हणाली, उडी मारून खाली आलं की
मागचा शॉक पार बुडाला टेकतो.
टेकतो, की टेकल्यासारखा वाटतो?
माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा,
वाटण्यावर मी पावती फाडत नाही.

भोसरीत मोडीत निघालेल्या मोल्डिंग मशीनचा
एक सेन्सर पडून होता माझ्याकडे.
वीतभर नळी, आत सरकणारी दांडी,
दांडी सरकेल तसा व्होल्टेज बदलतो,
एवढीच त्याची अक्कल.
एक टोक सबफ्रेमला, दुसरं स्विंगआर्मला,
मध्ये फाटक्या ट्यूबचं रबर
आणि वैजूच्या केसांचा एक काळा बो, कारण क्लिपा संपल्या.

मग स्प्रिंग काढली, चाकाखाली जॅक घेतला,
दहा दहा मिलिमीटर उचलत गेलो,
शंभर पानी वहीत लिहीत गेलो:
चाक इतकं, व्होल्ट इतके.
ती उकिडवी बसून पट्टी वाचत होती,
दोनशे चाळीस, दोनशे पन्नास, थांब काका, हललं.
सरळ रेष काही आली नाही.
लिंकेज सुरुवातीला मऊ असतं, शेवटाला आखडून घेतं.
तिला वाटलं आपलंच चुकलं.

वाघोलीच्या बंद खाणीत पहिल्याच फेरीला
वायर सायलेन्सरला चिकटून वितळली.
पुढच्या रविवारी दांडीत मुरूम शिरला,
आलेखाला नुसता खोकला.
तिसऱ्या रविवारी मिळालं,
सेकंदाला पाचशे नोंदी, सोळा उड्या,
चाकाची चाल तीनशे,
सगळ्यात खोल बसलं ते दोनशे बासष्ट.

हेल्मेटची सावली स्क्रीनवर धरून
ती बराच वेळ बघत राहिली.
अडतीस शिल्लक राहतात काका.
मग तो ठोका बसतो कुठे?

मी तिच्या कमरेकडे पाहिलं नाही.
गेल्या मार्चमधला तो पट्टा, मणक्याची चीर,
ससूनच्या बाकावर अण्णा म्हणाले होते, गाडी विकून टाक,
आणि तेव्हापासून ते गाडीशी बोलत नाहीत,
म्हणजे तिच्याशीच.

लॉगर बंद करायचा राहिला.
सोमवारी दुकानात कार्ड लावलं तर
खाणीनंतरही रेष चालूच.
टेम्पोत दोरीने आवळलेली गाडी,
नगर रोडचे गतिरोधक, एकेक मोजून घ्यावेत असे,
मग पठाऱ्यांचं अंगण, उतरवताना एक हिसका,
आणि सपाट. तासन् तास सपाट.

एक बावन्नला रेष खाली गेली.
कुणीतरी स्टँड काढून, गाडी सरळ करून,
सीटवर बसलं होतं.
वैजू बसली की मागचं चाक अठ्ठ्याण्णव बसतं,
हे एकशे सतरा.
दोनदा दाबून पाहिलेलं, हळू,
लोक गाडी घेताना शोरूममध्ये दाबतात तसं.
मग अकरा मिनिटं काही नाही,
फक्त एक बारीक थरथर,
श्वासाची म्हणता येईल, पण मी म्हणत नाही,
सेन्सरला तेवढं कळत नाही.

वजन काढणं माझ्या हातचं.
अठ्ठ्याहत्तर, किलो दोन किलो इकडेतिकडे.
त्या घरात एवढ्या वजनाचं माणूस एकच.

आलेखाचा तो तुकडा मी कापला,
वैजूला खाणीपर्यंतचाच दिला.

बुधवारी अण्णांच्या काट्यावर काम होतं.
खडीचा डंपर गेला आणि ते तसेच प्लेटवर उभे,
हातात पावतीपुस्तक, नजर रस्त्याकडे.
म्हणाले, झालं का तुमचं मोजून?
झालं, म्हटलं.
किती भरलं, हे त्यांनी विचारलं नाही.

ते खाली उतरले.
आकडे लगेच शून्यावर आले नाहीत, जरा रेंगाळले.
लोडसेलखाली कचरा अडकला असेल.
पुढच्या खेपेला बघतो.