रक्त येईपर्यंत

तब्रीझमध्ये बर्फ. एवाझ गाडीवर
उकडलेलं बीट विकतो, वाफेत तोंड घालून.
साखर चारशेच्या वर. डावं बुबुळ
तीन दिवस हललेलं नाही.
टाळूवर उडदाएवढा काळा डाग.

दुर्बिणीमागोमाग त्याच्या नाकातून
मी आत उतरते. आत सगळं विझलेलं.
चिमटा लावावा तर
जळक्या कागदासारखं हातात येतं.

एरवी आम्ही रक्ताला भितो.
आज नर्गेस सक्शन धरून ताटकळतेय
आणि मी कापतेय, कापतेय,
कुठेतरी लाल दिसावं म्हणून.

खोबणीपाशी हात थांबला.
सही करताना सोलमाझने एवढंच विचारलं होतं,
"दुसरा राहील ना?"
मी हो म्हटलं नव्हतं.
नाहीही.

डोळा काढला.
मागे, हाडाला लागून, एक थेंब.
मग दुसरा.
मग भळभळ.
"लागलं," नर्गेस म्हणाली,
विहिरीला पाणी लागल्यावर म्हणतात तसं.

पहाटे सोलमाझ जिन्यात उभी, हातात पिशवी.
बापाची कालची बिटं. वाया जातील, घ्या.
तिथेच, उभ्याने, एक सोलून खाल्लं.
बोटं लाल झाली.
धुवायची घाई केली नाही.