वीस तेत्री

आमच्या लिफ्टला नाणं लागतं.
वर जायचं तर वीस तेत्री,
उतरणं फुकट.
तिबिलिसीत आलेल्या पाहुण्यांना याचं हसू येतं,
मला चिल्लरीची काळजी.
पाकिटात एक कप्पाच ठेवलाय वेगळा:
नाणी, एक सेफ्टी पिन,
आणि घराची जादा किल्ली,
जी द्यावी असं अजून कुणी नाही
म्हणून दोन्ही माझ्याचकडे.

दिवसभर मी दातांच्या दवाखान्यात.
तोंड उघडा, म्हणायचं काम डॉक्टरांचं.
माझं एवढंच, की पुढची तारीख कधीची देऊ?
संध्याकाळी हाच प्रश्न
मला परत येतो,
दात नीट असलेल्या तोंडांतून.

काल तेओनाचा वाढदिवस. बारा जण होतो.
पाच जोडपी, तेओनाची आई आणि मी.
मी टेबलाच्या कोपऱ्याला बसले
तर कुणीतरी किंचाळलंच,
अगं नुत्सा, कोपऱ्यात नको,
सात वर्षं लग्न होत नाही!
लगेच खुर्च्या सरकल्या, ताटं सरकली,
राजम्याचं मडकं हातोहात फिरलं,
माझ्या नशिबासाठी एक अख्खं टेबल
वीतभर हललं.
राहू द्या, म्हटलं, इथून खिडकी दिसते.
ऐकतंय कोण.

मग वाझा उभा राहिला पेला उंचावून.
पहिला देशासाठी, दुसरा गेलेल्यांसाठी,
मुलांसाठी, आयांसाठी, द्राक्षाच्या वेलासाठी,
आणि घसा खाकरून
"जो अजून दारापर्यंत पोचला नाही, त्याच्यासाठी."
अकरा माना माझ्याकडे.
मीही प्यायले.
वाइन चांगली होती, वाझाच्या वडिलांनी पुरलेल्या रांजणातली,
आणि न पोचलेल्या माणसाशी
माझं काही वैर नाही.

निघताना तेओनाच्या आईनं चीजची अर्धी पोळी बांधून दिली.
एकटीसाठी कशाला चूल पेटवतेस?
जसं काही मला
एकटीला भूक अर्धीच लागते.

लिफ्टपाशी एतेरीबाई.
नववा मजला, माझ्या भिंतीपलीकडच्या,
हातात संत्र्यांची जाळी.
नाणं मी टाकलं.
सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये
दिवा गेला, आणि लिफ्ट अडकली,
बोलता बोलता घास अडकावा तशी.

घंटा दाबून झाली, दार ठोकून झालं.
मग अंधारात सोलल्याचा आवाज.
"धर," त्या म्हणाल्या, आणि चाचपत
माझ्या तळव्यावर एक फोड ठेवली.
मी तयारीत होते. आता वय, मग पगार,
मग बहिणीचा कुणीतरी भाचा, रुस्तावीचा, स्वभावानं गरीब.

त्या म्हणाल्या,
"रात्री हसतेस ती तूच ना?"
मी ओशाळले. फोनवर बहीण असते, कुताईसीची,
माफ करा, यापुढे हळू…
"हळू कशाला? तू हसायला लागलीस
की मी टीव्ही बारीक करते.
कशाला हसलीस तेवढं कळत नाही,
जीव टांगणीला लागतो गं."

मग मी त्यांना टेबल हलल्याची गोष्ट सांगितली,
वाझाच्या घशासकट.
त्या हसल्या, खोकल्या, पुन्हा हसल्या.
एक बी माझ्या कोटावर उडाली.
"बेचाळीस वर्षं मी मधोमध बसले," म्हणाल्या,
"म्हणजे बसले कुठे, वाढतच होते.
त्या खोलीला खिडकी होती की नाही
आठवत नाही बघ."

चाळीस मिनिटांनी कुणीतरी आलं,
शिव्या देत वरून चाक फिरवलं.
वीस तेत्री गेले ते गेलेच.

दारात त्यांनी खिसे उलटेपालटे केले,
रुमाल, चष्मा, औषधाची पट्टी,
शेवटी सापडली ती माझ्या हातावर ठेवली.
"एखाद्या सकाळी माझा टीव्ही ऐकू आला नाही तर…"
वाक्य तिथंच सोडलं.
"आणि रविवारी ये. संत्री फार आहेत."

कप्प्यात आता किल्ल्या तीन,
नाणं एकही नाही.
उद्या सुटे आणायला हवेत.