पिसं

एलजाबाई कमी बोलायच्या.
सेलूच्या दवाखान्यात सुया उकळताना
एकदाच सांगितलं, मोडक्या मराठीत:
घरात माणसं शिरली. उशा फाडल्या.
जिन्यावरून पार रस्त्यापर्यंत पिसं.
बापाला त्यातून ओढत नेलं.

"काऊन?" आईनं विचारलं. "कर्ज होतं का?"
"यहुदी होतो."
हा शब्द आईला ठाऊक नव्हता.
"अन् शेजारी?"
बाईंनी चिमट्यानं सुई उचलली.
"खिडकीत. एकीच्या नाकावर
माझ्या बापानं दिलेला, उधारीचा चष्मा."

त्या रात्री आई जेवली नाही.
चार दिवस सांगत फिरली गल्लीभर,
माणसं म्हणावं का कोण,
एकानंबी कडी काढली नाही!

मग अठ्ठेचाळीसचा भादवा.
रझाकार पळाले,
त्यांच्यावरचा राग घेऊन लोक
पिंजाऱ्याच्या दारात आले.
अल्लाबक्षानं आमची गादी भरलेली,
माझ्या बाळुत्यातली दुपटीसुद्धा.
आईनं चिमणी फुंकली. कडी लावली.
माझ्या तोंडावर हात ठेवला,
त्याला स्पिरिटचा वास होता.

फटीतून दिसला तो कापूस.
लिंबाला कापूस, नालीत कापूस,
आणि त्यातून कंदील घेऊन चाललेल्या
एकट्या एलजाबाई.

सकाळी आई कामावर गेली, रोजच्यासारखी.
बाईंनी काही विचारलं नाही.
त्यांच्या केसांत कापूस अडकलेला,
तो काढायला आईनं हात उचलला
आणि तसाच खाली घेतला.

आत खाटेवर कोण होतं,
आईनं कधी सांगितलं नाही.