आवक-जावक

नगरपरिषदेत एकतीस वर्षं मी फायली वाहिल्या.
वाचायच्या नसतात, हे पहिल्याच दिवशी
हेडक्लार्क इंदापवारांनी बजावलं होतं :
"गयासोद्दीन, शिपायानं वजन ओळखावं, मजकूर नाही."

तसं वजनानंच ओळखायचो.
पाणीपुरवठा उन्हाळ्यात जड व्हायचा,
पथदिवे निवडणुकीआधी.
घनकचरा बारमाही.

नगररचना वरच्या मजल्यावर.
तिथला उदगीरचा नकाशा इतका जुना
की घडीवर घडी पडून
देगलूर रस्ता मधोमध फाटला,
अन् टेपनं जोडताना
आरेखकाच्या हातून बोटभर सरकला.
नकाशावरचं बोटभर म्हणजे जमिनीवर किती,
ते त्या बोटाखाली ज्यांची घरं आली, त्यांना विचारा.

वृक्ष विभाग म्हणजे जिन्याखालचं एक टेबल.
त्याच्याशी अयोध्या गुट्टे,
कंत्राटी, अकरा महिन्यांच्या.
गावातली झाडं त्यांनी पायी मोजली,
बुंध्यांवर पांढरे आकडे काढले,
उन्हानं उडाले की पदरच्या पैशानं पुन्हा काढले.
म्हणायच्या, "मामू, नंबर असला की
तोडणाऱ्याला निदान तो लिहून तरी घ्यावा लागतो."

वाहतुकीला खातंच नव्हतं.
बांधकामातला अर्धा कोपरा,
तिथं सहाआसनीवाल्यांचे अर्ज,
वर पेपरवेट म्हणून कुणाचातरी गिअरचा गोटा.

वैशाखातली दुपार. तीन खात्यांच्या तीन फायली,
अन् जिन्याच्या नवव्या पायरीवर
एकीची नाडी तुटली.
कागद खाली, बाकीच्या दोघी त्यांच्यामागे.
गोळा करताना वाचावं लागलं. दुसरा इलाज नव्हता.

पहिलीत : वृक्ष क्रमांक ११४७, कडुलिंब,
देगलूर नाका, घेर नऊ फूट, प्रकृती उत्तम.
दुसरीत : अठरा मीटर रस्ता,
देगलूर नाक्यावर अडथळा एक, हटवणे.
तिसरीत : देगलूर नाका थांबा,
जागेवर सावली उपलब्ध नाही, सबब पत्र्याचं शेड,
चार लाख ऐंशी हजार.

मी पायरीवरच बसलो.
एकच लिंब.
त्याच्याखाली मी डबा खातो,
भालकीची बाया-माणसं गठुडी टेकवतात,
ड्रायव्हर विश्वंभर बुंध्याला आरसा अडकवून दाढी करतो.
तीन खोल्यांत तो तीनदा होता,
अन् खोल्यांची एकमेकींशी ओळख नव्हती.

मग मी जे केलं ते नियमात बसत नाही.
तिन्ही एका नाडीत बांधल्या,
आवक रजिस्टरात एकच नंबर टाकला,
अन् थेट मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवल्या.

साहेब नवा, पोरगेला. "हे एकत्र कोणी बांधलं?"
"नाडी तुटली होती, साहेब."
त्यानं बराच वेळ कागद पाहिले, मग मला,
मग हिरव्या शाईनं लिहिलं : चर्चा करावी.

अठराव्या दिवशी त्याची बदली झाली.
चर्चा राहिली.
नगररचना म्हणाली, वृक्षवाल्यांचा अभिप्राय येऊ द्या.
वृक्षवाल्यांचं टेबलच उचललं,
अयोध्याबाईंना बारावा महिना कोणी दिला नाही.
वाहतूक तर कधी नव्हतीच.
गठ्ठा कपाटावर गेला, त्यावर पंख्याचं खोकं.

आता मी रिटायर.
शुक्रवारी भालकीला लेकीकडे जातो,
त्याच थांब्यावरून, त्याच सावलीतून.

परवा बुंध्याकडे लक्ष गेलं, आकडा नवा, ओला पांढरा.
विश्वंभरनं काढलेला.
"पुसला होता बगा, मामू. आठवल तसा काढला."
त्यानं काढलाय ११४१.

अकराशे एक्केचाळीस ही तहसीलमागची बाभूळ.
गटारीच्या कामात गेली,
रजिस्टरात तिच्यापुढे लाल शाईत शेरा : तोडले.
तो कागद मीच वाहिलाय.

म्हणजे दप्तरी हा लिंब तोडून झालेला आहे.

विश्वंभर विचारत होता, बरोबर हाय का?
मी म्हणालो, मला काय कळतंय,
आपण वजनावरचा माणूस.
अन् सरकून बसलो,
एका म्हातारीला सावलीत जागा करून दिली.